वाचकांचे प्रश्न : यकृताचा कर्करोग आणि हातातलं काम

यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं की पहिला प्रश्न जिवाचा असतो आणि त्याच्या मागोमाग कामाचा येतो. जमेल का, किती जमेल, रजा किती लागेल, कुणाला सांगायचं? या वेळची उत्तरं याच प्रश्नांना आहेत. इथे यकृतातच सुरू होणारा, सर्वांत जास्त आढळणारा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा हा प्रकार धरला आहे. दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेल्या कर्करोगाचे उपचार वेगळे, त्यामुळे दिवसांचे आकडेही वेगळे येतात.

प्रश्न : वय ५१, हिशेब तपासणीचं काम. निदान होऊन तीन आठवडे झाले, उपचार अजून सुरू व्हायचे आहेत. दुखत-खुपत काही नाही, पण अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागतात. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का?

आत्ता नको. रजा वाढवून मिळू शकते, राजीनामा सहसा मागे घेता येत नाही. शिवाय ज्या दोन गोष्टींवर पुढची कामाची ताकद ठरते, त्या तीन आठवड्यांत बहुधा पक्क्या झालेल्या नसतात : आजाराचा टप्पा आणि यकृताची उरलेली क्षमता.

हा आजार दुहेरी आहे. बहुतेक रुग्णांत गाठ येण्याआधीच यकृत सिरॉसिसने (व्रण पडून यकृत कठीण होणं) किंवा जुन्या हिपॅटायटिसने खराब झालेलं असतं. म्हणून डॉक्टर गाठींची संख्या आणि आकार पाहतात, तितक्याच बारकाईने बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टी पाहतात. त्यावरून ‘चाइल्ड-प्यू’ श्रेणी काढतात : ५-६ गुण म्हणजे अ, ७ ते ९ म्हणजे ब, १० ते १५ म्हणजे क. गाठ लहान असूनही ब किंवा क श्रेणीतला माणूस कामावर दमून जातो आणि गाठ मोठी असूनही अ श्रेणीतला माणूस पूर्ण दिवस भरतो, असं दिसतं ते यामुळेच.

तिसरी गोष्ट थेट तुमच्या प्रश्नाची. ‘ईकॉग’ नावाची ० ते ४ अशी मोजपट्टी आहे आणि तिची व्याख्याच कामावर बेतलेली आहे. ० म्हणजे आजारापूर्वीसारखं सगळं जमतं. १ म्हणजे कष्टाचं काम जमत नाही, पण हलकं किंवा बसून करायचं काम जमतं. २ म्हणजे हिंडता-फिरता येतं, स्वतःचं सगळं करता येतं, पण नोकरीचं काम जमत नाही. ३ म्हणजे जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत, ४ म्हणजे पूर्ण परावलंबी. या आजाराचे टप्पे ठरवणारी बार्सिलोना पद्धत १९९९ सालची आहे. तिच्यात गाठ आणि यकृत यांच्या जोडीला हाच आकडा धरतात. तुम्ही लिहिलंत त्यावरून तुम्ही ० किंवा १ वर असावेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या : माझी चाइल्ड-प्यू श्रेणी कोणती, ईकॉग किती, आणि पुढच्या तीन महिन्यांत उपचाराच्या तारखा साधारण कधी पडतील. नोकरीबद्दल जे ठरवायचं ते या कागदावरून ठरवा.

कामाला चौपट वेळ का लागतो, त्याची या काळातली कारणं बहुतेक वेळा झोप उडणं, मनात तोच विचार घोळत राहणं आणि स्कॅन-रक्त-एंडोस्कोपीच्या फेऱ्यांनी दिवसाचे तुकडे पडणं ही असतात. सलग तीन तासांचं काम घेऊ नका. वीस-पंचवीस मिनिटांत संपेल एवढा तुकडा घ्या आणि तो संपला की कुठे थांबलात ते एका ओळीत लिहून ठेवा. या महिन्यात आकड्यांवर दुसऱ्याची नजर जरूर फिरवून घ्या. दोन-तीन आठवडे रात्री झोपच नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. झोपेची गोळी मात्र यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. का, ते पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न : मी कामावर रोज जातो, पण काम निम्मंच होतं. हे मोजायची काही पद्धत आहे का? ‘बरं वाटत नाही’ एवढं सांगून ना डॉक्टरांना कळतं, ना साहेबांना.

आहे, आणि ती घरी कागदावर करता येते. ‘डब्ल्यूपीएआय’ ही प्रश्नावली १९९३ पासून वापरात आहे, अनेक आजारांच्या अभ्यासांत ती वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दल सहा प्रश्न असतात : सध्या पगारी काम करता का, आजारामुळे किती तास बुडाले, सुट्टी वगैरे इतर कारणांनी किती तास बुडाले, प्रत्यक्ष किती तास काम केलं, काम करत असताना आजाराने त्यात किती अडथळा आणला, ० ते १०, आणि घरच्या रोजच्या कामांत किती अडथळा आणला, तेही ० ते १०.

आता हिशेब. समजा, आजारामुळे ८ तास बुडाले आणि ३२ तास काम केलं. ८ भागिले ४०, म्हणजे गैरहजेरीचं नुकसान २० टक्के. हजर असताना अडथळा ५ दिला, म्हणजे उरलेल्या ८० टक्क्यांतले निम्मे गेले, ४० टक्के. एकूण नुकसान ६० टक्के. इतर कारणांनी बुडालेले तास यात धरायचे नाहीत.

या आकड्याची फोड पाहा. साठातले वीस रजेचे आहेत, चाळीस हजर असतानाचे. साहेबांच्या वहीत फक्त वीस दिसतात. डॉक्टरांनाही सहसा तेवढेच कळतात, कारण ‘कामावर जाता ना?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ म्हणता. आणि नेमके हे चाळीसच कमी करता येण्याजोगे असतात. थकव्याचं कारण सापडलं, औषधाची वेळ बदलली आणि अडथळा ५ वरून २ वर आला, तर तेवढ्याच ८ तासांच्या रजेतही एकूण नुकसान ६० वरून ३६ टक्क्यांवर येतं.

दर आठवड्याला ठरलेल्या एकाच वारी भरा. उपचाराचा आठवडा असेल तर तशी खूण करा. केमोएम्बोलायझेशनचा (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडण्याच्या उपचाराचा) आठवडा आणि साधा आठवडा यांची सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही. सहा आठवड्यांचे आकडे एका कागदावर घेऊन डॉक्टरांकडे जा. हजर असतानाचा आकडा सलग दोन-तीन आठवडे चढत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

प्रश्न : कोणत्या उपचाराला किती दिवस रजा लागते? आमच्याकडे रजा महिनाभर आधी टाकावी लागते.

दिवस माणसागणिक बदलतात, पण रजेचा अर्ज लिहायला पुरतील असे अंदाज देता येतात.

सुईने गाठ जाळण्याचा उपचार, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह ॲब्लेशन, सर्वांत आटोपशीर. रुग्णालयात एक दिवस किंवा एक रात्र, आणि बसून करायचं काम साधारण आठवड्याभरात.

शस्त्रक्रियेने यकृताचा भाग काढला तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर टेबलावरच्या कामाला बहुधा महिनाभर धरा, पोट उघडून केली असेल तर दीड ते दोन महिने. जड उचलणं त्याहून जास्त काळ बंद, कारण टाक्याच्या जागी हर्निया होऊ शकतो. परत जाताना पहिले दोन आठवडे अर्धा दिवस मागा. दुपारनंतर अंगातलं त्राण एकदम जातं, ते घरी बसून लक्षात येत नाही.

केमोएम्बोलायझेशनमध्ये, ज्याला बरेच जण ‘टेस’ म्हणतात, मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून नळी घालून गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडतात आणि ती वाहिनी बंद करतात. रुग्णालयात एक-दोन दिवस. इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. प्रक्रियेची रजा टाकतात, नंतरची टाकत नाहीत. गाठीचा रक्तपुरवठा तुटला की एक-दोन दिवसांत ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, मळमळ आणि मोठा थकवा येतो आणि काही दिवस ते आठवडाभर, कधी थोडा जास्तच, राहतो. म्हणून प्रक्रियेच्या दिवसापासून दहा दिवस रजा धरा आणि त्यापुढचे चार-पाच दिवस कोणतीही मुदत गळ्यात घेऊ नका. थंडी वाजून ताप येऊ लागला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर तो या ठरलेल्या त्रासातला समजू नका. यकृतात पू झालेला असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. चार ते आठ आठवड्यांनी स्कॅन होतो आणि त्यावरून पुन्हा करायचं की नाही ते ठरतं. रजा शिल्लक ठेवायची ती या दुसऱ्या फेरीसाठी.

इट्रियम-९० च्या कणांनी आतून किरणोपचार करतात, त्यात दुखणं-ताप सहसा कमी, पण थकवा दोन आठवडे किंवा जास्तही रेंगाळतो. यात दोन वेगवेगळ्या दिवसांची रजा लागते, कारण मुख्य उपचाराआधी एकदा नुसता नकाशा काढायला अँजिओग्राफी करतात. इट्रियमची किरणशक्ती साधारण ६४ तासांनी निम्मी होते. पहिले काही दिवस गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून अंतर ठेवायला सांगतात. शाळेत किंवा पाळणाघरात काम करणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं आणि रजा त्याप्रमाणे मांडावी.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभं करणाऱ्या उपचाराचं, वेळापत्रक ठरलेलं असतं. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी दर २१ दिवसांनी देतात. ड्युर्व्हालुमॅब दर चार आठवड्यांनी, सोबत ट्रेमेलिमुमॅबचा सुरुवातीला एकच डोस. रक्ततपासणी, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन हे सगळं धरून तो अख्खा दिवस गेला असं समजा. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुस्ती असते का, ते पहिल्या दोन फेऱ्यांत टिपून ठेवा. तुमचा ठरावीक नमुना कळला की बैठका त्याभोवती लावता येतात.

प्रश्न : माझ्या यजमानांना सिरॉसिस आणि त्यावर गाठ आहे. इतकी वर्षं त्यांच्या कामात बोट दाखवायला जागा नव्हती. आता एकच मेल दोनदा पाठवतात, बैठकीत डोळा लागतो, रात्री टक्क जागे असतात. परवा गाडी वळवताना कठड्याला घासली. ते म्हणतात, ताण आहे. खरंच ताण असेल का?

ताण असेलही, पण त्याआधी एक गोष्ट या आठवड्यातच तपासून घ्या. खराब यकृत रक्तातला अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं नीट गाळत नाही आणि ती मेंदूवर परिणाम करतात. याला हिपॅटिक एन्सेफलोपॅथी म्हणतात. तिची सुरुवात लपून होते. बोलणं-चालणं नेहमीसारखं, तारीख-वार बरोबर, म्हणून भेटायला आलेल्याला काहीच जाणवत नाही. बिघडतं ते लक्ष, प्रतिक्रियेचा वेग आणि एका वेळी दोन गोष्टी सांभाळणं. तुम्ही लिहिलेल्या चारही खुणा या चित्रात बसतात, विशेषतः दिवसा झोप आणि रात्री जाग. रुग्णाला स्वतःला हे उमगत नाही आणि घरच्यांना आधी दिसतं. म्हणून ‘तुला उगीच वाटतंय’ असं ते म्हणाले तरी मागे हटू नका.

डॉक्टर जी एक साधी चाचणी करतात ती अशी : एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं घ्यायची. गाय, म्हैस, वाघ, सिंह, हत्ती अशी पहिली सहा-सात नावं झरझर येतात. मग माणूस थांबतो, छताकडे बघतो, ‘उंट’ म्हणतो, पुन्हा थांबतो आणि परत ‘गाय’ म्हणतो. दोनदा घेतलेलं नाव धरत नाहीत. दहापेक्षा कमी नावं आली तर शंका बळावते, पंधराच्या वर गेली तर शक्यता कमी होते. वय आणि शिक्षणाचा यावर परिणाम होतो, म्हणून घरी करून निकाल ठरवू नका. आलेला आकडा डॉक्टरांना सांगा आणि सोबत त्या दोनदा गेलेल्या मेलबद्दल, बैठकीतल्या डुलकीबद्दल नेमकं सांगा. तपासणीत हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगतात. हात पंख फडफडावेत तसे हलले, तर आजार लपलेला राहिलेला नाही.

निदान होईपर्यंत गाडी, फिरतं यंत्र, उंचीवरचं काम आणि पैशांची अंतिम मंजुरी, चारही बंद ठेवा. याबाबतीत भीड ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

उपचार साधा असतो आणि त्याने फरक पडतो. लॅक्ट्युलोज या पातळ औषधाची मात्रा दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील अशी बेतायची. कामावर जाणारे लोक इथेच गडबड करतात. बैठकीच्या मधे उठावं लागू नये म्हणून सकाळची मात्रा टाळतात, मग बद्धकोष्ठ होतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं पुन्हा जड. काहींचं उलट होतं. मात्रा जास्त घेऊन जुलाब होतात, अंगातलं पाणी आणि क्षार कमी होतात आणि त्यानेही हाच त्रास वाढतो. सकाळची मात्रा निघण्याच्या दीड-दोन तास आधी चालेल का ते डॉक्टरांना विचारा, आणि बसायची जागा स्वच्छतागृहाजवळ मागून घ्या. त्रास परत-परत झाला तर रिफॅक्सिमिन जोडतात. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या या आजारात मेंदूला आणखी गुंगी आणतात, म्हणून वर सावध केलं. गोंधळ अचानक वाढला तर जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव किंवा क्षारांची गडबड असू शकते, रुग्णालय गाठा.

अमोनिया वाढतो म्हणून प्रथिनं तोडू नका. हा सल्ला जुना आहे आणि त्याने स्नायू झिजतात. अमोनिया निकामी करण्यात स्नायूंचाही वाटा असतो. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. यकृतात साखरेचा साठा फारसा उरत नसल्यामुळे लांबलेला उपवास अंगावर येतो. कामाच्या दिवशी तीन-चार तासांनी काहीतरी खाणं आणि रात्री झोपण्यापूर्वी कर्बोदकं असलेलं थोडं खाणं हा उपचाराचाच भाग समजा.

प्रश्न : झोप पूर्ण होते, तरी अकरा वाजता बॅटरी संपल्यासारखी होते. हे असंच चालायचं का?

असंच चालायचं, असं तपासण्याआधी कुणी म्हणू नये. विश्रांतीने न जाणारा थकवा या आजारात येतो हे खरं, पण त्याच्या आड उपचार होण्यासारखी कारणं लपतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम आणि अल्ब्युमिन तपासून घ्या. लेन्व्हाटिनिब ही कर्करोगावरची गोळी किंवा इम्युनोथेरपी चालू असेल तर थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे आणि ते रोजच्या एका गोळीने सुधारतं. इम्युनोथेरपीत क्वचित अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथी, बंद पडतात. थकव्यासोबत चक्कर, उलट्या, रक्तदाब उतरणं असेल तर कॉर्टिसॉल लगेच पाहायला सांगा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलनेही सुस्ती येते. मात्रा किंवा वेळ बदलता येते का विचारा, परस्पर बंद करू नका.

थकव्याला रोज ० ते १० आकडा द्या. ४ किंवा जास्त आकडा टिकून असेल तर त्याची नीट तपासणी व्हायला हवी. हे सगळं करून उरतो त्या थकव्यावर सर्वांत जास्त उपयोगी पडते ती हालचाल. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास चालणं, हे गाठायचं ध्येय. सुरुवात दहा मिनिटांनी. डोक्याचं काम सकाळच्या पहिल्या दोन तासांत उरका आणि अकराला वीस मिनिटं डोळे मिटा. तासभर झोपलात तर रात्रीची झोप जाते.

प्रश्न : मी शिवणकाम करते. सोराफेनिब सुरू झाल्यापासून बोटांची टोकं आणि तळवे आग-आग होतात, कात्री धरवत नाही. गोळी बंद करू का?

परस्पर बंद करू नका, पण पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नका. आजच कळवा. ही हात-पायांची त्वचा-प्रतिक्रिया बहुधा पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत येते आणि जिथे दाब किंवा घर्षण पडतं तिथेच येते. तुमच्या बाबतीत कात्रीच्या कडीत जाणारा अंगठ्याचा आतला भाग, सुई धरणारी बोटांची टोकं आणि मशीनचा पायटा दाबणारी टाच किंवा चवडा. आधी मुंग्या आणि आग, मग लालसर कडा असलेला जाड घट्टा, मग फोड. घट्टा दिसेपर्यंत थांबलं की काम आठवडाभर सुटतं. आग सुरू झाली तेव्हाच सांगितलं तर बहुतेकदा मात्रा कमी करून भागतं. पूर्ण मात्रा ४०० मिलिग्रॅम दोनदा असते. दुखण्याने रोजची कामं अडू लागली की ती कमी करतात, फार वाढलं तर काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात.

युरियाचं १० टक्क्यांचं मलम रोज दोन-तीनदा तळहात-तळपायांना लावा. घट्टे जाड असतील तर जास्त टक्क्यांचं लागतं, ते डॉक्टर सांगतील. गरम पाण्यात हात घालू नका. कात्रीच्या कड्यांना मऊ कापड गुंडाळा, पायात जाड मऊ तळ, आत सुती मोजे. कापण्याचं काम सलग न करता दर पंधरा मिनिटांनी हातशिलाईशी किंवा मापं घेण्याशी अदलाबदल करा. ज्यांचं औषध अजून सुरू व्हायचं आहे त्यांनी पायांचे जुने घट्टे आधीच काढून घ्यावेत.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. सिरॉसिसमध्ये त्याने मूत्रपिंड बिघडतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत आणि विचारून.

प्रश्न : गोदामात ओझी उचलण्याचं काम आहे. पोटात पाणी होतं, सध्या गोळ्यांनी कमी आहे. चालू ठेवू का?

ओझी नकोत, दुसरं काम मागा. जोर लावला की यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर रक्तस्रावाचं भय असतं. पाणी भरलेल्या पोटाला बेंबीचा हर्नियाही लवकर होतो. मोजणी, नोंदी, खिडकीवरचं काम यासाठी डॉक्टरांकडून लेखी शिफारस घ्या. त्यात आजाराचं नाव नसलं तरी चालतं, ‘इतक्या किलोपेक्षा जास्त उचलू नये’ एवढं नेमकं असावं. लघवीची गोळी कामावर पोहोचल्यावर न घेता लवकर सकाळी घ्या. रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, किंवा पोटात एकाएकी असह्य दुखून घेरी आली तर काम तिथेच टाकून रुग्णालयात.

प्रश्न : सहकाऱ्यांना सांगावं का? कर्करोगामागे हिपॅटायटिस बी आहे, त्याची जास्त धास्ती वाटते.

कर्करोग संसर्गाने पसरत नाही. हिपॅटायटिस बी एका टेबलावर बसून, सोबत जेवून, हात मिळवून, एकच स्वच्छतागृह वापरून पसरत नाही. तो रक्त, शरीरसंबंध आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला या वाटांनी जातो, आणि त्याला लस आहे. सहकाऱ्यांना विषाणूबद्दल सांगायची गरज नाही. रजा मंजूर करणाऱ्या एका व्यक्तीला उपचाराच्या तारखा आणि काय जमणार नाही एवढं सांगा. बाकीच्यांना किती सांगायचं हे सर्वस्वी तुमचं.

प्रश्न : माझ्या विभागात अशी एक सहकारी आहे. तिचं सगळं काम काढून घेतलं तर ते योग्य ठरेल का?

तिला विचारल्याशिवाय नाही. सगळं काम एकदम गेलं की माणसाला आपण संपलो असं वाटतं, आणि उपचारानंतर परत येणं अवघड होतं. तिच्याकडून तारखा घ्या आणि कामाचे दोन भाग करा : मुदत हलवता येणारं आणि न हलवता येणारं. दुसरं तिच्या उपचाराच्या आठवड्यात दुसऱ्याच्या नावावर आधीच लिहा, त्या दिवशी सकाळी धावपळ करून नको. प्रत्येक फाइल माहीत असणारा आणखी एक जण हवा. तास मोजण्यापेक्षा आठवड्यात काय पुरं व्हायचं ते मिळून ठरवा. सकाळची वेळ, अधूनमधून घरून काम आणि टेकायला एक शांत खोली यांतून जे साधतं ते सहानुभूतीच्या भाषणातून साधत नाही. चुका वाढल्या तर दरडावू नका, खाजगीत दाखवा आणि डॉक्टरांना सांगायला सुचवा. त्या चुका म्हणजे एन्सेफलोपॅथीची पहिली खूण असू शकते.

प्रश्न : आजारी वडील आहेत, पण काम माझं बुडतंय. याचा कुठे हिशेब होतो का?

होतो. वर सांगितलेल्या प्रश्नावलीचं काळजी घेणाऱ्यांसाठीही रूप आहे, आणि तेच गणित तुम्हालाही लागू पडतं. तुमचे बहुतेक तास रुग्णालयात थांबण्यात जात असतील. रक्ततपासणी आदल्या दिवशी घराजवळ होते का, अहवाल ऑनलाइन मिळतो का, साध्या फेरतपासणीला दुसरं कुणी जाऊ शकतं का, हे विचारा. स्वतः जायचं ते निर्णयाच्या दिवशी : स्कॅनचा निकाल आणि उपचार बदलण्याची भेट.

प्रश्न : काम थांबवायची वेळ आली हे कसं ओळखावं?

ईकॉग २ म्हणजेच काम जमत नाही, ही व्याख्या आठवा. विश्रांती घेऊन, कारणं तपासून, उपचार करूनही तीन-चार आठवडे तिथेच असाल, पोटातलं पाणी वारंवार काढावं लागत असेल, किंवा एन्सेफलोपॅथी औषधांवर असूनही परतत असेल, तर डॉक्टरांशी हा विषय स्वतःहून काढा. ते आपणहून काढतीलच असं नाही. परिहार (पॅलिएटिव्ह) सेवेच्या डॉक्टरांना याच टप्प्यावर, शक्य तर आधीच, भेटा. दुखणं, मळमळ, झोप यांवर ते काम करतात आणि बाकीचे उपचार त्यासाठी बंद करावे लागत नाहीत. थांबायचं ठरलं तर डोकं ताजं असलेल्या सकाळी, रोज अर्धा तास, कामाच्या नोंदी, चालू व्यवहार आणि कुणाकडे काय आहे ते लिहून काढा. विम्याचे आणि अपंगत्व लाभाचे अर्ज राजीनाम्याच्या आधी पाहा. नोकरीत असतानाच लागू होणाऱ्या अटी त्यांत असू शकतात.

प्रश्न : प्रत्यारोपण झाल्यावर परत कामावर जाता येतं का?

बरेच जण जातात, साधारण तीन ते सहा महिन्यांत, बसून करायचं काम असेल तर लवकर. सुरुवातीच्या महिन्यांत प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, म्हणून गर्दीचं काम शेवटी ठेवा. त्यासाठीच्या टॅक्रोलिमस या औषधाने काहींचे हात बारीक थरथरतात. सही, सोल्डरिंग, बारीक अवजारं यांना ते जाणवतं आणि मात्रा बसली की बहुधा कमी होतं. त्याची नेहमीची गोळी बारा-बारा तासांनी असते. रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी रक्त सकाळच्या मात्रेच्या आधी द्यावं लागतं. त्या दिवशी कामावर उशिरा येण्याची परवानगी घेऊन ठेवा आणि गोळी डब्यासोबत न्या, म्हणजे रक्त दिल्यावर तिथेच घेता येईल.